कर्करोगाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: काय विचारावे, काय जपावे

(महिला मंडळाच्या मासिक सभेत सिनेगॉगच्या सभागृहात दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. अखेरीस श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



मंडळाने हा विषय सुचविला तेव्हा मी सेक्रेटरीबाईंना एकच अट घातली, की सभेला पुरुषांनाही बोलवावे. आतड्याचा कर्करोग स्त्री-पुरुष पाहत नाही आणि प्रोस्टेट ग्रंथी तर केवळ पुरुषांनाच असते. बायकांनी ऐकून घरी निरोप द्यायचा आणि पुरुषांनी तो वर्तमानपत्राआडून ऐकायचा, ही आपल्या घरांतील जुनी रीत मला ठाऊक आहे. आज मागच्या रांगा भरलेल्या दिसतात, याचा आनंद वाटतो.

मी डॉक्टर नाही. मुंबईत तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा घेतला, काही वर्षे तेथेच काम केले आणि इस्रायलमध्ये आल्यावर निवृत्त होईपर्यंत शस्त्रक्रिया विभागाच्या वॉर्डात सेवा केली. अमक्याने अमुक शस्त्रक्रिया करून घ्यावी असे सांगण्याचा मला अधिकार नाही व तसे मी सांगणारही नाही. परंतु शस्त्रक्रियेहून परतलेला रुग्ण पहिली रात्र कशी काढतो, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. त्या जागेवरून जे दिसते ते आपल्यापुढे ठेवते.

आपल्या समाजातील माणसे मला दूरध्वनी करतात. त्यांत दोन प्रकारची बोलणी वारंवार ऐकू येतात. एक म्हणतो, “सिस्टर, पोट उघडणार म्हणतात. त्यापेक्षा आहे तसे राहू द्या. चाकू लागला की हा रोग पसरतो.” दुसरा म्हणतो, “नातवाने पाहून ठेवले आहे. दुर्बिणीतून करणार असतील तरच आईला नेऊ, नाहीतर रुग्णालय बदलू.” एकाला मोठ्या छेदाची भीती वाटते, दुसऱ्याला लहान छेदाची भूल पडते. दोघांचीही नजर कातडीवर खिळलेली आहे आणि रोग तर आत आहे.

म्हणून आधी आतले सांगते. प्राथमिक अवस्थेतील कर्करोग म्हणजे जो मूळ जागीच आहे किंवा फार तर शेजारपर्यंत पोहोचला आहे, दूरच्या अवयवांत गेलेला नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होण्याची आशा असते. शल्यचिकित्सक नुसती गाठ काढत नाहीत. गाठीभोवतीचा निरोगी भासणारा थोडा भागही काढतात, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तेथे असू शकतात. पुष्कळ कर्करोगांत त्या भागातील लसिकाग्रंथीही काढून तपासतात. आणि हे सर्व गाठ न फोडता काढावयाचे असते. आपले वाडवडील कोकणात तेल गाळीत व शेती करीत. शेतातील हरळी उपटताना मूळ मधेच तुटले तर पुढच्या पावसात काय होते, हे त्यांना सांगावे लागले नसते. छेद एक असो वा चार, हातभर असो वा बोटभर, हे काम पुरे झाले की नाही, हीच कसोटी.

१९७०च्या दशकात मुंबईत मी शिकत होते तेव्हा पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे बेंबीच्या वरून खालपर्यंत उभा छेद. नाकातून रायल्स ट्यूब, हाताला सलाईन, आतडी पुन्हा आवाज करू लागेपर्यंत तोंडाला पाण्याचा थेंब नाही. रुग्ण खोकला आला तरी दाबून ठेवी, कारण टाके ताणले की जीव कासावीस होई. खोकला दाबला की छातीत कफ साचे, कफ साचला की न्यूमोनिया. उशी पोटाशी धरून खोकायला शिकविणे, हे आम्हां विद्यार्थिनींचे पहिले काम. पुष्कळांचे हाल मूळ रोगापेक्षा त्या जखमेनेच अधिक होत.

पोट न उघडता आत पाहण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० साली मनुष्याच्या पोटात नळी घालून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे ही पद्धत पाहण्यापुरतीच राहिली. जर्मनीत कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये आंत्रपुच्छ या मार्गाने काढले, १९८५ मध्ये एरिख म्यूहे यांनी पित्ताशय काढले. त्यांच्याच देशातील शल्यचिकित्सकांनी प्रथम त्यांची थट्टा केली. मुंबईकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, भारतातील पहिली दुर्बिणीतून केलेली पित्ताशयाची शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. ते त्याच रुग्णालयात १९७२ पासून केवळ निदानासाठी ही पद्धत वापरीत होते. महागडे स्कॅन गरिबांच्या आवाक्याबाहेर असताना, एका लहानशा छेदातून पोटातला रोग डोळ्यांनी पाहता येतो, हा त्यांचा विचार होता.

आपण ‘दुर्बीण’ म्हणतो खरे, पण ती दूरचे पाहण्याची वस्तू नव्हे. ती भिंगे व कॅमेरा असलेली बारीक कांडी असते. बेंबीजवळ सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेऊन आत नळी बसवितात आणि कार्बन डायॉक्साइड वायू सोडतात. पोटाची भिंत तंबूच्या कापडासारखी वर उचलली जाते आणि आत काम करण्यास जागा होते. हाच वायू का? कारण तो पेट घेत नाही, आत तर विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या डागावयाच्या असतात. शिवाय तो रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मग आणखी दोन-चार लहान छेदांतून लांब दांड्याची उपकरणे घालतात आणि शल्यचिकित्सक पडद्यावर पाहत काम करतात.

यात मिळते पुष्कळ, पण एक गोष्ट जाते. ती म्हणजे स्पर्श. उघड्या शस्त्रक्रियेत डॉक्टर आतडे बोटांनी चाचपून गाठ कोठे आहे ते ओळखतात. लहान गाठ लांब दांड्याच्या चिमट्याला कळत नाही. म्हणून आतड्याच्या कर्करोगात आधीच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी गाठीजवळ काळी शाई टोचून खूण करतात, गोंदणच म्हणा ना. एका आजीबाईंना कोणीतरी ‘टॅटू केला आहे’ असे सांगितल्यावर त्या संतापल्या. गोंदवून घेणे आपल्या धर्मात निषिद्ध, हे त्यांचे म्हणणे. ती खूण उपचाराची आहे आणि कातडीवर नाही, हे मला पुन्हा पुन्हा समजवावे लागले.

आता ‘चाकू लागला की पसरतो’ या भीतीकडे वळते. तिला हसू नये. १९९०च्या सुरुवातीस आतड्याच्या कर्करोगावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्या तेव्हा काही रुग्णांत नळी घातलेल्या लहान छेदांतच पुन्हा गाठी उद्भवल्याचे वृत्तांत आले. डॉक्टरही चिंतेत पडले. अंदाजावर न राहता त्यांनी ते तपासून पाहिले. अमेरिका आणि कॅनडातील ४८ संस्थांत आतड्याच्या कर्करोगाचे ८७२ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. एका गटाचे पोट उघडून, दुसऱ्याचे दुर्बिणीतून. भाग घेणाऱ्या प्रत्येक शल्यचिकित्सकाने अशा किमान २० शस्त्रक्रिया आधी केलेल्या असाव्यात, असा नियम होता. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. जखमेत रोग परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. रुग्णालयातील मुक्काम मात्र सहाऐवजी पाच दिवसांवर आला आणि वेदनाशामक औषधे कमी लागली.

या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दुर्बीण सुरक्षित आहे, ही पहिली. दुसरी अशी की, ती सरावलेल्या हातांत सुरक्षित आहे. ते २० शस्त्रक्रियांचे बंधन उगाच घातलेले नव्हते. आणि एक बारीक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर नातेवाईक नंतर भांडतात. ‘तीन भोके पाडणार’ असे ऐकलेले असते आणि प्रत्यक्षात पोटावर पाच-सहा सेंटिमीटरचा छेद दिसतो. कापलेला आतड्याचा तुकडा बाहेर काढण्यास तेवढी वाट लागतेच. छेदाच्या कडांना रोगाच्या पेशी लागू नयेत म्हणून तेथे प्लास्टिकचे आवरण बसवून मगच तो काढतात.

याहूनही लहान उपाय आहे, पण त्यासाठी रोग आणखी लवकर सापडला पाहिजे. मोठ्या आतड्यात कर्करोग होण्यापूर्वी बहुधा पॉलिप, म्हणजे मोड, येतो. त्याचा कर्करोग होण्यास बहुधा वर्षे लागतात. तोवर सापडला तर कोलोनोस्कोपीतूनच तारेचा फास टाकून तो काढून टाकतात. पोटावर एकही छेद नाही. अशा रीतीने पॉलिप काढलेल्या २६०२ अमेरिकन रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, तेव्हा आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा निम्म्याहून कमी आढळले. येथे इस्रायलमध्ये ५० ते ७४ वयाच्या प्रत्येकास कुपात होलीमकडून दरवर्षी विष्ठेतील अदृश्य रक्ताची तपासणी विनामूल्य मिळते. तपासणीची ती लहानशी पिशवी किती घरांत, किती कपाटांत न उघडता पडून आहे, याचा अंदाज मला आहे. येथे बसलेल्यांपैकी काहींची नावेही मला माहीत आहेत. मी ती घेणार नाही.

इथवर ऐकून वाटेल की मग दुर्बीण सर्वत्र चांगलीच. येथेच थांबून ऐका, कारण आजच्या भाषणात मला सर्वांत अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता येते.

आपण सर्रास ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ म्हणतो. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वेगळा आणि गर्भाशयाच्या मुखाचा वेगळा. अवयव एकच, रोग दोन. अस्तराच्या प्राथमिक कर्करोगात ७६० स्त्रियांवर अशीच तुलना केली गेली. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या गटात ८१.३ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ८१.६ टक्के. काडीचाही फरक नाही. तेव्हा मुखाच्या कर्करोगातही तसेच असेल, असे सर्वांनी धरून चालणे स्वाभाविक होते. जगभर कित्येक वर्षे मुखाच्या कर्करोगासाठीही दुर्बिणीतून व रोबोच्या साह्याने शस्त्रक्रिया होत होत्या. रुग्ण लवकर घरी जात, सर्वजण समाधानी होते.

मग अमेरिकेतील ह्यूस्टनच्या डॉ. पेद्रो रामिरेझ यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील ३३ केंद्रांत ६३१ स्त्रियांवर तीच पारख केली गेली. निष्कर्ष नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शस्त्रक्रियेच्या जगात खळबळ उडाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, तर लहान छेदांच्या गटात ८६ टक्के. मृत्यूही लहान छेदांच्या गटात अधिक. ज्यांची जखम लहान, वेदना कमी, मुक्काम थोडा, त्यांच्यातच रोग अधिक परतला. कारण काय असावे, यावर तज्ज्ञांत चर्चा आहे. गर्भाशय हलविण्यासाठी खालून जे उपकरण घालतात ते गाठीवर घासत असेल, किंवा मुखाचा भाग पोटाच्या आत कापताना रोगाच्या पेशी सांडत असतील, असे तर्क आहेत. कारण काही असो, पुष्कळ रुग्णालयांनी त्यानंतर या रोगासाठी पुन्हा जुना छेद स्वीकारला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही फेब्रुवारी २०१९ मध्ये, स्तन काढण्याच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांत रोबो वापरण्याबाबत सावधगिरीची सूचना काढली.

म्हणून एखादे डॉक्टर ‘आपल्याला पोट उघडूनच करावे लागेल’ म्हणाले, तर त्यांना दुर्बीण येत नाही किंवा आपला कुपात होलीम पैसे वाचवीत आहे, असा तर्क लगेच करू नये. कदाचित त्यांनी वरील आकडे वाचले असतील. कोणत्या रोगात, कोणत्या अवस्थेत, हे विचारल्यावाचून ‘दुर्बीण बरी की छेद बरा’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

स्तनाच्या कर्करोगाची हकिकत आणखी निराळी आहे. तेथे मार्ग बदलला नाही, तर शस्त्रक्रियाच लहान झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॉलस्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसाथ काढण्याची पद्धत रूढ केली. जितके अधिक काढू तितके बरे, हा विचार पाऊणशे वर्षे चालला. मी विद्यार्थिनी असताना अशा स्त्रिया पाहिल्या आहेत. छातीच्या फासळ्या कातडीखाली मोजता याव्यात आणि हात सुजून असा जड झालेला की पोलक्याची बाही उसवावी लागे. त्या कधी तक्रार करीत नसत. पदर तेवढा त्या बाजूने घट्ट ओढून घेत. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी व इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी विचारले, की एवढे काढणे खरोखर लागते का? मिलानमध्ये १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांची पारख झाली. वीस वर्षांनी, २००२ मध्ये दिसले की संपूर्ण स्तन काढलेल्या आणि केवळ गाठीचा भाग काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच. स्तन राखलेल्यांत त्याच स्तनात पुन्हा गाठ होण्याचे प्रमाण काहीसे अधिक होते, म्हणून नियमित तपासणी चुकवता येत नाही आणि किरणोपचार मधेच सोडता येत नाहीत. काखेतही आता सरसकट सर्व ग्रंथी काढीत नाहीत. निळा रंग किंवा सौम्य किरणोत्सारी द्रव टोचून तो प्रथम ज्या ग्रंथीत पोहोचतो ती ‘पहारेकरी’ ग्रंथी तपासतात. पहारेकरी निर्दोष निघाला तर पुढचे घर बहुधा सुरक्षित असते आणि हात सुजण्याची पीडा पुष्कळ टळते.

पुरुषांसाठी प्रोस्टेटविषयी थोडक्यात. रोबो स्वतः काही कापत नाही. शल्यचिकित्सक बाजूला बसून हातांनी जे करतात तेच त्याचे यांत्रिक हात आत करतात. रक्तस्राव कमी होतो हे खरे. पण लघवीवरील ताबा आणि वैवाहिक जीवन यांबाबत ऑस्ट्रेलियात झालेल्या तुलनेत अनुभवी हातांची उघडी शस्त्रक्रिया व रोबो यांत मोठा फरक आढळला नाही. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, प्रोस्टेटच्या काही प्राथमिक कर्करोगांत लगेच काहीच न कापणे हाही मान्य उपचार आहे. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांची तुलना झाली. काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर किरणोपचार, काहींवर केवळ काटेकोर देखरेख. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के पुरुष त्या रोगाने दगावलेले नव्हते. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे मात्र ध्यानी घ्या. रक्ततपासणीची तारीख चुकविणाऱ्याला ही पद्धत लागू नाही.

आता माझ्या स्वतःच्या प्रांताविषयी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की, रुग्णाला लवकर खाऊ-पिऊ घालावे, लवकर चालवावे, नळ्या लवकर काढाव्यात. माझ्या प्रशिक्षणाच्या अगदी उलट! आज आतड्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्णही त्याच संध्याकाळी खुर्चीत बसतो आणि पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो. यात एक धोका दडलेला आहे. आतडे कापून जोडलेले असते. तो जोड क्वचित गळतो आणि गळला तर बहुधा पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत. पूर्वी त्या दिवसांत रुग्ण आमच्या डोळ्यांसमोर असे. नाडी जलद झाली, चेहरा उतरला, की आम्ही डॉक्टरांना हाक मारीत असू. आता त्या दिवसांत रुग्ण आपल्या घरी असतो, आणि नर्सच्या जागी आपली सून किंवा नवरा असतो. म्हणून नीट ऐका. ताप, कमी होत आलेले पोटदुखीचे पुन्हा वाढणे, पोट फुगून टणक होणे, सतत उलट्या, धाप, छातीत धडधड, किंवा नुसते ‘काल बरे वाटत होते, आज काही ठीक नाही’ असे वाटणे, यांतील काहीही झाले तर वाट पाहू नये. शब्बाथ संपण्याचीही नाही. जीव वाचविण्यापुढे शब्बाथ बाजूला ठेवावा, हे आपल्याला हजानने सांगण्याचीही गरज नसावी.

खांदा दुखतो म्हणून घाबरून पुष्कळ दूरध्वनी येतात. पोटात उरलेल्या वायूने पडदा, म्हणजे श्वासपटल, ताणला जातो आणि त्याची वेदना मज्जातंतूंच्या वाटेने खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत, चालल्या-फिरल्यावर ती ओसरते. पण छातीत दुखून श्वास लागत असेल तर ती गोष्ट वेगळी, तेथे तातडीची मदत हवी. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो. म्हणून पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने सुमारे चार आठवडे घरी घ्यावी लागतात. ‘जखम तर एवढीशी, आता सुया कशाला?’ असे म्हणून ती बंद करू नयेत.

जखम एवढीशी, हाच तर घोटाळा. बाहेर तीन चिकटपट्ट्या दिसतात, म्हणून घरच्यांना वाटते की फारसे काही झालेच नाही. आत मात्र हातभर आतडे गेलेले असते. माझ्या परिचयातील एक भगिनी शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी, बरे वाटले म्हणून एलियाहू हन्नाबीचा मलिदा करावयास बसल्या. नवस होता, तो त्यांनी फेडावा, माझी हरकत नाही. परंतु पंधरा माणसांचे पोहे भिजवून ते पातेले स्वतः उचलणे आणि विळीवर बसून सहा नारळ खवणे, हे काम दुसऱ्या कोणी करावयास हवे होते. त्यांना पुढे छेदाच्या जागी हर्निया झाला. चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये, असे कागदावर हिब्रूत लिहिलेले होते आणि तो कागद फ्रिजवर लावलेला होता. त्यांना हिब्रू वाचता येत नव्हते आणि घरात ज्यांना येत होते, त्यांनी तो वाचून दाखविला नव्हता.

यावरून भाषेविषयी. डॉक्टरांकडे जाताना नातवंडांना दुभाषी म्हणून नेतात. सोळा वर्षांच्या मुलाने आजीला ‘कर्करोग’ हा शब्द कसा सांगावा? तो तो गिळून टाकतो. मोठे, विश्वासू माणूस बरोबर न्यावे आणि प्रश्न मराठीत लिहून न्यावेत. रोग कोणत्या अवस्थेत आहे? या रोगात लहान छेद व मोठा छेद यांचे परिणाम सारखे आहेत का? आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? मधेच पोट उघडावे लागले तर? असे उघडावे लागणे म्हणजे अपयश नव्हे. रक्तस्राव किंवा जुन्या शस्त्रक्रियेचे चिकटलेले पडदे आढळल्यास ती शहाणपणाची गोष्ट असते. १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आपला हक्क मान्य केला आहे. त्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी येणारा पॅथॉलॉजीचा अहवाल स्वतः मागून घ्यावा. कापलेल्या कडा निर्दोष आहेत का, आणि आतड्याचा कर्करोग असेल तर किती लसिकाग्रंथी तपासल्या, हे त्यात असते. किमान १२ तपासल्या जाव्यात असा संकेत आहे. छेद केवढा होता हे त्या अहवालात महत्त्वाचे नसते.

आता प्रश्न घेते.

प्रश्न: माझे वय ७९ आहे. या वयात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोसते का?

उत्तर: वयाचा आकडा एकटा काही ठरवीत नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि आपण रोज किती चालता, हे पाहतात. वृद्धांना लहान छेदाचा लाभ पुष्कळदा अधिकच होतो, कारण खोकता येते, चालता येते, न्यूमोनिया टळतो. पण पोटात वायू भरल्याने व डोके खाली करून निजविल्याने हृदय-फुप्फुसांवर ताणही येतो. भूलतज्ज्ञांची भेट म्हणूनच असते. त्या भेटीस जाताना सर्व औषधांच्या पेट्या पिशवीत घालून न्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या. त्या कधी थांबवायच्या, हे त्यांनाच विचारा, शेजाऱ्यांना नव्हे.

प्रश्न: बाईंना आतड्याचा कर्करोग निघाला, तो दुर्बिणीतून काढला आणि त्या बऱ्याही झाल्या. मुलांना सांगावे का? मुलीचे लग्न व्हायचे आहे.

उत्तर: सांगावे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर उरलेल्यांनी कोलोनोस्कोपी साधारणपणे चाळिसाव्या वर्षी सुरू करावी, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतील जे आधी येईल तेव्हा. आईला ४६ व्या वर्षी झाला असेल तर मुलीने ३६ व्या वर्षी. ५० व्या वर्षी कुपात होलीमचे पत्र येईपर्यंत थांबले तर तिच्या बाबतीत १४ वर्षे उशीर होईल. बाईंचे भाऊ व बहिणी भारतात असतील तर त्यांनाही कळवावे. मुलीने आपल्या डॉक्टरांकडे जाताना आईच्या अहवालाची प्रत न्यावी आणि त्यावर आईचे त्या वेळचे वय लिहिलेले असावे.